वणजूंच्या दुकानातले तांबोसे

पाजवेळच्या बाजारपेठेत मासेमारीचं सामान विकणारं एकच दुकान आहे, आणि तिथे विक्रेता म्हणून एक तांबोसा नोकरीला आहे. तांबोसा म्हणजे खडकात राहणारा लालसर मासा. हा साधारण साडेचार किलोचा आहे. दुकानाचे मालक मधुसूदन वणजू त्याला तांबोसे म्हणतात, म्हणून गावही तांबोसेच म्हणतं.

दुकानाच्या मागून एक लहानसा ओढा खाडीकडे जातो. भरतीला त्याचं पाणी मागच्या दाराच्या पायरीपर्यंत चढतं. तांबोसे त्या पाण्याबरोबर वर येतात, वणजू त्यांना झोळीजाळ्याने उचलून काउंटरशेजारच्या निळसर पारदर्शक पिंपात सोडतात, आणि ओहोटी लागली की पुन्हा पायरीवर नेऊन ठेवतात. कामाचे तास चार. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तसं दुकानही रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं. दारावर खडूने वेळ लिहिलेली असते. हजेरीपटावर तांबोसे सही करत नाहीत, उजवा पर शाईत बुडवून ठसा उमटवतात.

मी त्या दुकानात पहिल्यांदा गेलो तो मंगळवार होता आणि खडूने 'नऊ ते एक' असं लिहिलेलं होतं.

मी रणवरे, मूळचा फलटणचा. पाटबंधारे खात्यात आस्थापना शाखेत बावीस वर्षं काढली, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. बायको शैलजा त्याच कचेरीत टंकलेखक होती. पाजवेळ हे तिचं माहेर. निवृत्तीनंतर आम्ही इथे दोन खोल्या बांधून राहायला आलो, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. तिचे थोरले बंधू काशिनाथ चोगले तीस वर्षं मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके होते. आता बोट त्यांनी विकली आहे. पण ते रोज सकाळी कुठून तरी वर्तमानपत्रात गुंडाळून मासे आणून द्यायचे आणि ओट्यावर ठेवताना म्हणायचे, "घ्या भावोजी. तुमचं आपलं खाण्याचं खातं."

हे वाक्य मी पाच महिने रोज ऐकलं. चांगले बांगडे, चांगली कोळंबी, आणि वर हे वाक्य. शेवटी मी ठरवलं की खाऱ्या पाण्यात चालेल अशी एक काठी घ्यायची, स्वस्त आणि टिकाऊ, आणि एक तरी मासा स्वतः धरून घरी न्यायचा.

तांबोशांनी पिंपाच्या कडेवर हनुवटी टेकवली होती.

"नमस्कार. काय दाखवू?"

"काठी हवी होती. समुद्रात मासे धरायला." बोलून गेल्यावर मला संकोच वाटला. "माफ करा."

"माफी कशाबद्दल? दुकानच त्याचं आहे. कुठे उभे राहणार? धक्क्यावर, खडकावर, की पुळणीवर?"

"धक्क्यावर."

"मग सात फूट पुरे. पुळणीवरून लाटेपलीकडे फेकायचं असेल तर बारा फुटी लागते, ती धक्क्यावर नुसती लोकांच्या डोळ्यात जाते. मासा साधारण केवढा धरायचा विचार आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "एखाद किलोचा. फार तर दीड."

"माझी भीड नको," तांबोसे म्हणाले. "काठी घेताना मोठाच मासा हिशेबात घ्यावा. माझ्या वजनाचा धरा."

त्यांनी सांगितलं तशा वणजूंनी तीन काठ्या भिंतीवरून काढून काउंटरवर ठेवल्या. वणजू स्वतः फारसं बोलत नव्हते. पहिली काळी, चकचकीत, परदेशी होती. हातात घेतली तर वजनच लागेना. किंमत साडेसहा हजार.

"ही कार्बनची," तांबोसे म्हणाले. "देखणी आहे. मासा नुसता श्वास घेऊन गेला तरी हाताला कळेल. पण दगडावर एकदा आपटली की आत बारीक चीर जाते. ती दिसत नाही. पुढची ओढ बसली की तिथेच मोडते. जपून वापरणारा असेल त्याने घ्यावी. तुम्ही आजवर किती काठ्या वापरल्या?"

"एकही नाही."

"मग ठेवा ती."

दुसरी हिरवी होती, साडेचारशेची. तिच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तिच्या कड्या बघा. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, ज्यातून ओवतात त्या. लोखंडाला मुलामा दिलाय. खारं पाणी दोन महिन्यांत मुलामा खातं, मग गंज चढतो, आणि गंजलेली कडी तंगूस कापते."

तिसरी तपकिरी रंगाची, जाडसर, फायबरची. किंमत अकराशे पन्नास. तांबोशांनी तिचं टोक तोंडात धरलं आणि मला मूठ धरायला सांगितलं. मग ते पिंपात खाली गेले. काठी कमानीसारखी वाकली, पिंपातलं पाणी माझ्या विजारीवर उडालं. ते वर आले तेव्हा काठी सरळ झाली.

"जड आहे," ते म्हणाले. "पहिले आठ दिवस मनगट दुखेल. पण वाकते, मोडत नाही. कड्या स्टेनलेसच्या आहेत, आतून चिनी मातीचं अस्तर आहे. घरी गेलात की गोड्या पाण्याने धुवायची, रीळसुद्धा. एवढं केलंत तर दहा वर्षं बघायला नको."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "एक विचारू? तुम्ही स्वतः या बाजूचे. मग चांगली काठी विकताना काही वाटत नाही?"

"माणसं माणसांना ट्रक विकतात," तांबोसे म्हणाले. "त्या ट्रकखाली कोण येतं?"

मी रुमालाने विजार पुसली. ते पुढे म्हणाले, "आमची एक आत्या होती. तिला कुणीतरी धक्क्यावरून धरलं आणि काठी मोडली. ओठात गळ, त्याला दहा वाव तंगूस आणि मागे हातभर काठीचा तुकडा, असं सगळं घेऊन ती खाली आली. अडीच वर्षं तो तुकडा ओढत हिंडली. खडकातून जाताना अडकायचा, मग आम्ही भाचरं जाऊन सोडवायचो. नीट काठी असती तर त्याच दुपारी कुणाच्या तरी घरी तिचा मान झाला असता. मोडणारी काठी कोण घेतं? ज्याला महाग परवडत नाही तो, किंवा महाग तेच टिकाऊ समजतो तो. म्हणून टिकाऊ काठी स्वस्तात मिळाली पाहिजे. मी नोकरी धरली ती एवढ्यासाठी."

मी तपकिरी काठी घेतली. वणजूंनी पावती फाडली, पण चेहरा आंबट ठेवून.

संध्याकाळी काशिनाथराव चहाला आले. काठी दाराआड उभी होती. त्यांनी ती उचलली, झुलवली, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं.

"कोणी पसंत केली?"

"तांबोशांनी."

काशिनाथरावांनी कप खाली ठेवला. "भावोजी, माशाला विचारून काठी आणलीत?"

"त्यांना त्यातलं कळतं."

"कळतं म्हणूनच विचारायचं नसतं! मासा माशाचंच बघणार. सगळ्या गावाला फुसक्या काठ्या देऊन ठेवल्या असतील आणि वर लोक त्यांचे पैसे मोजतायत."

"दादा, तू स्वतः जन्मात काठी धरली नाहीस," शैलजा आतून म्हणाली. "तुझं सगळं जाळ्यात गेलं."

"त्याचा इथे काय संबंध?" काशिनाथराव म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्यांनी मनावर घेतलं. दोन दिवसांत, तांबोशांना काढून टाका असा अकरा सह्यांचा अर्ज वणजूंच्या काउंटरवर आला. वणजूंनाही निमित्त हवंच होतं. परदेशी काठ्यांचा एक खोका त्यांनी मोठ्या हौसेने मागवला होता, आणि तांबोसे नोकरीला लागल्यापासून त्यातली एकही हलली नव्हती. शुक्रवारी त्यांनी तांबोशांना कारणे दाखवा नोटीस दिली. नोटीस पाण्यात विरघळू नये म्हणून पिंपाला बाहेरून चिकटवली होती, मजकूर आतल्या बाजूला करून.

मी काठीला जादा तंगूस घ्यायला गेलो तेव्हा तांबोसे ती वाचत होते. मीही वरून वाकून पाण्यातून वाचली. आरोप तीन होते. एक, महाग माल असताना ग्राहकास स्वस्त मालाकडे वळवणे. दोन, विकल्या जाणाऱ्या मालाच्या दर्जात कर्मचाऱ्याच्या जातभाईंचा हितसंबंध असणे. तीन, कामाचे तास रोज बदलणे.

"उत्तर द्यायला मुदत किती?" मी विचारलं.

"उद्याची. शनिवारी सुनावणी आहे. सिद्ध झालं तर पायरीवरून परत." तांबोशांनी नोटिशीकडे पाठ केली. "मला खाण्यापिण्याची ददात नाही, रणवरे. खाडीत सगळं आहे. पण माझ्या मागे इथे कोण उभा राहील, आणि तो काय विकेल, हा प्रश्न आहे."

बावीस वर्षांत मी अशा दीडशे तरी नोटिसा काढल्या होत्या, पण उलट बाजूने कधी बसलो नव्हतो. शिवाय हे सगळं माझ्या काठीवरून उपटलं होतं. मी म्हणालो, "कर्मचाऱ्याला बचाव सहायक नेमता येतो. तुमची हरकत नसेल तर मी येतो."

त्यांनी उजवा पर पाण्याबाहेर काढला. मी तो हातात घेतला. गार होता.

शनिवारी भरती सव्वादोनची होती. सुनावणी दीडला सुरू झाली. काउंटरमागे वणजू, समोरच्या बाकावर काशिनाथराव, पिंपात तांबोसे, पिंपाशेजारी मी. इतिवृत्त लिहायला शैलजा बसली होती, तिची लघुलिपी अजून चांगली आहे. सुरुवातीलाच मी हरकत घेतली की मालकाने स्वतःच चौकशी अधिकारी होणं न्यायाला धरून नाही. वणजू म्हणाले की गावात दुसरं कोणी मोकळं नाही. हरकत नोंदवून फेटाळण्यात आली.

तिसरा आरोप मी पहिल्यांदा घेतला. भरती ही कर्मचाऱ्याच्या ताब्यातली बाब नाही, आणि नेमणुकीच्या वेळी मालकाला ती माहीत होती. वणजूंनी मान्य केलं. पहिल्या आरोपावर मी विक्रीची वही मागवली. तांबोसे आल्यापासून काठ्या तिप्पट खपल्या होत्या आणि एकही परत आली नव्हती. वणजूंनी वही दोनदा चाळली, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा चाळली.

"पुढे," ते म्हणाले.

दुसरा आरोप मात्र अवघड होता. काशिनाथराव उभे राहिले. "काठी परत आली नाही, कारण लोक लाजतात. मोडली तरी सांगत नाहीत. मी म्हणतो, काठी फुसकी आहे. ओढून बघा."

"मी ओढून दाखवतो," तांबोसे म्हणाले.

"तुम्ही हळू ओढाल."

"मग तुम्ही ओढा, काशिनाथराव," मी म्हणालो.

काशिनाथरावांनी दोन्ही हातांनी काठीचं टोक धरून ओढलं. तांडेलाचे हात ते. काठी वाकली, मोडली नाही. ते दमले, पण पटले नाहीत. "माणसाची ओढ वेगळी, माशाची वेगळी. हे मला कोणी सांगायला नको."

हे खरं होतं. मग तांबोसे म्हणाले, "धक्क्याच्या दुसऱ्या खांबाखाली गोबरे राहतात. जातीने गोबरा मासा, सतरा-अठरा किलोचे आहेत. मी नोकरी धरल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. मला फितूर म्हणतात. काठी मोडली तर माझी नोकरी जाईल हे त्यांना कळलं, तर ते जीव तोडून ओढतील."

"हा साक्षीदार तुमच्याविरुद्ध जाऊ शकतो," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो. म्हणजे जिथे कान असावा असं वाटलं तिथे.

"म्हणूनच तो चालेल," तांबोसे म्हणाले.

वणजूंनी स्थळपाहणीचा आदेश दिला. शैलजाने समन्स लिहिलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे ते लॅमिनेट करून घेतलं. पिंप हातगाडीवर चढवलं. वणजूंची कंबर धरलेली होती आणि मला गाडी ओढायची सवय नव्हती, म्हणून धक्क्यापर्यंत ती काशिनाथरावांनीच ओढली. वाटेत खड्डा आला की ते थांबून हळूच बाजूने काढत. पाणी सांडायला नको, एवढंच ते म्हणाले.

धक्क्यावर समन्सला दगड बांधून दुसऱ्या खांबापाशी खाली सोडलं. पोच म्हणून दोन बुडबुडे वर आले. शैलजाने वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं.

गळ लावायचा नाही असं ठरलं, कारण गोबरे साक्षीदार होते. तंगुसाच्या टोकाला काथ्याची मोठी गाठ बांधली, ती त्यांनी दातांत धरायची. प्रश्न होता काठी कोणी धरायची. काशिनाथराव तक्रारदार, वणजू चौकशी अधिकारी. उरलो मी. मी आयुष्यात पहिल्यांदा काठी हातात धरून धक्क्याच्या कडेला उभा राहिलो आणि गाठ पाण्यात सोडली.

थोडा वेळ काही झालं नाही. मग धक्काच खाली जातोय असं वाटलं.

काठीचं टोक पाण्याला टेकलं. रीळ किंचाळायला लागलं. माझे दोन्ही पाय चपलांसकट पुढे घसरले. गोबरे खरोखर जीव तोडून ओढत होते. ते आधी खोल गेले, मग खांबाच्या दिशेने वळले. मला काय करायचं ते कळेना, मी नुसता घट्ट धरून होतो.

"टोक वर! टोक वर घ्या!" मागून आवाज आला. काशिनाथराव होते. "खांबाकडे जाऊ देऊ नका, तंगूस घासेल! डावीकडे चला! भावोजी, डावीकडे!"

मी डावीकडे चाललो.

"आता तो ओढतोय तोवर ओढू नका. जाऊ दे त्याला. थांबला की घ्या. आता! फिरवा! फिरवा!"

"दादा, तू तक्रारदार आहेस," शैलजा वहीतून मान वर न करता म्हणाली.

"तू लिही गं!" ते ओरडले आणि मागून येऊन त्यांनी माझा पट्टा धरला. मी पुढे झुकलो की ते मागे रेलत. मी गुडघ्यांवर आलो तर तेही गुडघ्यांवर आले. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. वीस मिनिटं आम्ही दोघे असे धक्क्यावर इकडून तिकडे सरकत होतो. काठी इतकी वाकली की तिचं टोक आणि मूठ एकमेकांकडे बघत होती. तांबोसे पिंपाच्या कडेवरून एकटक पाहत होते. त्यांना पापण्या नसल्यामुळे ते घाबरले आहेत की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पण पिंपातलं पाणी थरथरत होतं.

अखेर तंगूस सैल पडलं. काठी तुटली असं वाटून मी पाहिलं, तर ती सरळ उभी होती. खाली पाणी फुगलं आणि गोबरे वर आले. मातकट रंगाचे, अंगावर ठिपके, तोंड चांगलं परातीएवढं. त्यांनी काथ्याची गाठ थुंकली.

"काठी ठीक आहे," ते म्हणाले. "माणूस कच्चा आहे."

"'कच्चा आहे'च्या पुढे काही?" शैलजाने विचारलं.

"पूर्णविराम. आणि लिहा, वरून तिसरी कडी हलते. मधे मला जाणवलं."

तांबोसे पिंपातून म्हणाले, "कडी बदलून देतो. चूक माझी. तपासायला हवी होती."

गोबऱ्यांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. मग ते वणजूंकडे वळले. "मालक तुम्ही का? माझ्या दारात काळ्या चकचकीत काठ्यांचे पाच तुकडे पडलेत. तुमच्या दुकानाचं नाव आहे त्यांवर. हा नोकरीला लागायच्या आधीचे. दोन पोरं त्यांत अडकून जखमी झाली. ते उचलायची व्यवस्था करा." त्यांनी शेपटीने पिंपाकडे खूण केली. "याच्या आत्याने मागे ओढला तो तुकडाही त्यांतलाच होता. ती गेली तेव्हा मी तो सोडवून ठेवला. मला वाटलं होतं, हा सगळं विसरून दुकानात जाऊन बसलाय."

तांबोसे पिंपाच्या कडेवर आणखी वर आले.

"विसरलो नाही," तांबोसे म्हणाले.

"ते आज ओढताना कळलं," गोबरे म्हणाले आणि खाली गेले.

वणजूंनी निकाल धक्क्यावरच दिला. त्यांनी त्यासाठी चष्मा काढला होता, त्यामुळे ते कोणाकडे बघून बोलत होते ते नीट कळलं नाही. तिन्ही आरोप सिद्ध होत नाहीत. तपकिरी काठ्या दुकानाच्या दर्शनी भागात लावाव्यात. परदेशी काठ्यांचा खोका परत पाठवावा. पाच तुकडे मालकाच्या खर्चाने वर काढावेत. शैलजाने ते लिहून घेतलं आणि त्याखाली वणजूंनी सही केली, तांबोशांनी ठसा दिला.

भरती उतरायला लागली होती. दुकानामागच्या ओढ्यात आता पाणी उरलं नसतं, म्हणून तांबोशांना तिथूनच घरी जायचं होतं. काशिनाथरावांनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यांनी धक्क्याच्या पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून पिंप कलतं केलं. तांबोसे बाहेर आले, पण लगेच गेले नाहीत.

"काशिनाथराव, उद्या एकपासून आहे मी."

काशिनाथराव रिकामं पिंप धरून उभे होते. बोट विकल्यापासून ते इतके भिजलेले मी पाहिले नव्हते.

"एक काठी बाजूला काढून ठेवा," ते म्हणाले. "पुळणीवरची. बारा फुटी. आणि आधी कड्या बघा."

"सगळ्या बघतो," तांबोसे म्हणाले.

पुढचे दोन दिवस मला हात वर करता आले नाहीत. मंगळवारी सकाळी सातला मी नवी कडी बसवलेली काठी घेऊन धक्क्यावर गेलो. गळाला कोळंबी लावली. काशिनाथरावांनी सांगितलं होतं तसं टोक वर ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांनी एक ओढ बसली, गोबऱ्यांच्या मानाने अगदी सभ्य. मी जाऊ दिलं, थांबल्यावर घेतलं, पुन्हा जाऊ दिलं. पाण्यावर एक चंदेरी पालू आला, पाऊण किलोचा असेल. आयुष्यातला माझा पहिला मासा.

"काठी कुठली?" त्याने विचारलं.

"वणजूंकडची."

"तांबोशांनी दिली?"

"हो."

"पावती?"

पावती माझ्या खिशात होती. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चौकोनी घडी करून. कागद जवळ ठेवायची सवय नोकरीतून लागलेली. मी ती उलगडून पाण्याजवळ धरली. त्याने दिनांक वाचला, किंमत वाचली, शिक्का पाहिला.

"अकराशे पन्नासला चांगली मिळाली," तो म्हणाला. "काय करणार आहात? कालवण?"

"बहुतेक."

"त्यात चिंच घालता की आमसूल?"

आमच्या फलटणला चिंच घालतात. पण स्वयंपाक माझ्याकडे नव्हता, तेव्हा उगाच काहीतरी सांगणं बरोबर नव्हतं. मी त्याला एक मिनिट थांबायला सांगितलं आणि शैलजाला फोन लावला.

"कालवणात चिंच घालणार की आमसूल?"

"कोण विचारतंय?"

"पालू."

ती हसली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिचं ते हसू मला लांबूनही ओळखता येतं. "केवढा आहे?"

"पाऊण किलोचा."

"आमसूल म्हणावं. आणि दादाला जेवायला बोलावते, त्याला आज काही आणू नकोस म्हणून सांगते."

मी पालूला सांगितलं. त्याने थोडा विचार केला.

"चिंच असती तर अवघड होतं," तो म्हणाला. "बादली जवळ घ्या."

मी बादली जवळ घेतली. तो आपणहून आत आला, एकदा गोल फिरला आणि कडेशी स्थिर झाला.

"चला," तो म्हणाला. "ऊन चढायच्या आत पोचू."